उशिजिमासानचा कोरा फॅक्स

मिझोगुची टोफू या दुकानाच्या फॅक्स मशीनला उन्हाळ्यापासून खोकला झाला होता. कागद बाहेर टाकताना ते घरघरायचं, मध्येच थांबायचं, दम खायचं आणि मग अर्धी ऑर्डर एका कागदावर, अर्धी दुसऱ्यावर सोडायचं. वर प्रत्येक कागदावर मधोमध एक काळा पट्टा. पट्ट्याखाली काय लिहिलंय ते दुकानाची मालकीण कुनिए अंदाजानं वाचायची. अंदाज सहसा चुकत नसे, कारण सरायवाल्या बाईंना मंगळवारी किती वड्या लागतात हे त्या बाईंपेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं.

"म्हणजे फॅक्स नाही आला तरी चालेल," चिनामी म्हणायची. "तुला सगळं पाठच आहे."

"पण फॅक्स आलाच नाही, तर मी जे पाठ आहे ते ताडून कशाशी बघू?"

चिनामी ही कुनिएची एकुलती एक मुलगी. ओसाकातली नोकरी सोडून ती वसंतात घरी आली, ती "थोडे दिवस" म्हणून. थोडे म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. चिनामीचा बाप गेल्यापासून दुकान कुनिए एकटीच ओढत होती. आता पहाटे सोयाबीन दळायला, उकळलेलं दूध गाळायला, वड्या कापून पाण्यात सोडायला दोन हात आणखी होते आणि ते हात चांगले होते. टोफूची वडी पाण्याखाली कापताना मुलीची बोटं अगदी बापासारखी चालायची. हे कुनिएनं तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. असं काही बोललं की माणूस अडकतो, असं तिला वाटे.

पण आता ओसाकाहून जुन्या साहेबांचा निरोप आला होता. परत येतेस का, महिनाअखेर कळव. हा निरोप चिनामीनं जेवताना, मिसो सूप फुंकत, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसा सांगितला. कुनिएनंही "असं होय" म्हणत आणखी भात वाढला. पोरीनं राहावं, दुकान तिनं पुढे चालवावं, एवढंच तिला हवं होतं. पण ते विचारायचं कसं?

विचारायचं ते राहिलं आणि कुनिएच्या मनात फॅक्सची गोष्ट मोठी होत गेली. कारण चिनामीची तक्रार असायची ती फक्त फॅक्सबद्दल. पहाटेच्या थंडीबद्दल नाही, लाल झालेल्या हातांबद्दल नाही. "अख्खं जग मोबाइलवर ऑर्डर देतंय आणि मी इथे काळ्या पट्ट्याखालची अक्षरं लावत बसलेय!" असं ती म्हणाली की कुनिएला वाटायचं, फॅक्स गेला की पोरगी राहील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका काय संबंध, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि दातांमधून लांब हवा ओढली.

"हे जरा..." तो म्हणाला.

एवढं पुरेसं होतं. "जरा" म्हणजे मशीन मेलं.

"नवं घ्यायचं का मग?" कुनिएनं विचारलं. "म्हणजे, छोट्या दुकानांना अजून लागतो का हो फॅक्स? तुम्ही तर सगळीकडे फिरता."

दुरुस्तीवाल्यानं पुन्हा हवा ओढली. "ज्यांना लागतो त्यांना लागतो," तो म्हणाला. "ज्यांना नाही लागत, त्यांच्याकडे मी जात नाही, त्यामुळे ते मला माहीत नाहीत." आणि नमस्कार करून गेला.

चिनामी म्हणाली, "बंद करू या. गिऱ्हाइकांना कळव, पुढच्या महिन्यापासून फॅक्स नाही, मोबाइलवर ऑर्डर द्या. मी सगळ्यांना शिकवीन."

"कळवते," कुनिए म्हणाली. "पण कळवायचं कसं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. गिऱ्हाइकांना काहीही कळवायचं तर एकच रस्ता होता, आणि तो कोपऱ्यात खोकत होता.

कुनिएनं चिठ्ठी लिहायला घेतली. चिनामीनं तिला दोन ओळी सांगितल्या होत्या, पण दोन ओळी काय कुणी पाठवतं का? माणसं वर्षानुवर्षांची. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी तयार झालं ते असं:

"सकाळ-संध्याकाळ गारवा जाणवू लागला आहे. आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असेलच. आपण सदैव दाखवत असलेल्या लोभाबद्दल आम्ही ऋणी आहोत. अलीकडे फॅक्सच्या बाबतीत फार त्रास होत आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. याबाबत पुढे काय करता येईल, याचा आपणही विचार करावा ही नम्र विनंती. यापुढेही लोभ असावा."

चिनामीनं वाचलं. परत वाचलं.

"बंद करतोय, हे कुठे आहे यात?"

"'पुढे काय करता येईल' यात आलंच की."

"आणि मोबाइलवर ऑर्डर द्या, हे?"

"'विचार करावा' यात."

"आई, हे वाचून मला वाटलं कुणीतरी आजारी आहे."

"गुपचूप पाठव," कुनिए म्हणाली. मशीननं मोठ्या कष्टानं चिठ्ठी सगळ्यांकडे पाठवली. मग रिवाजाप्रमाणे कुनिएनं एकेकाला फोन करून सांगितलं, की फॅक्स पाठवलाय, सवडीनं बघा. फक्त खानावळवाल्या उशिजिमासानना केला नाही. त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही, हे तिला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत होतं.

"फोन करायचाच होता, तर फोनवरच का नाही सांगितलंस?" चिनामीनं कपाळाला हात लावला.

"फोनवर असं काही सांगतात का? समोरच्याला लगेच उत्तर द्यावं लागतं. बिचाऱ्याची पंचाईत."

उत्तरं आली. अर्थातच फॅक्सनं आली. सरायवाल्या बाईंनी लिहिलं होतं, "आपला निरोप पोचला. गारवा आहे खरा. आपल्याला योग्य वाटेल तसे व्हावे. उद्या थोड्या वड्या जास्त." बालवाडीच्या स्वयंपाकघरातून एकच शब्द आला, "कळले". देवळातल्या पुजाऱ्यांच्या बायकोनं आधी फोन करून सांगितलं की उत्तर फॅक्सनं पाठवते आहे, आणि मग जो फॅक्स आला त्यात होतं, "आम्हीही यावर मनापासून विचार करू."

"हे हो आहे की नाही?" चिनामी कागद उलटसुलट करत होती. "सरायवाल्या रागावल्यात का? 'योग्य वाटेल तसे' म्हणजे करा एकदाचं काय करायचं ते, असं?"

"छे! चांगल्या आहेत त्या. थोड्या वड्या जास्त मागवल्यात की." कुनिए जरा थांबली. "पण रागावल्या असत्या तरी हेच लिहिलं असतं म्हणा."

मग दुपारी, भिजत घालायचं सोयाबीन मापून ठेवत असताना, उशिजिमासानचा फॅक्स आला.

उशिजिमासानची खानावळ बंदराच्या बाजूला होती, आणि ते दुकानाचे सर्वांत जुने, सर्वांत मोठे गिऱ्हाईक. थंडी लागली की त्यांच्याकडे गरम पाण्यातला टोफू खायला कोळ्यांची रांग लागायची. ऑर्डर ते ब्रशच्या पेनानं लिहायचे, एवढ्या मोठ्या अक्षरांत की काळ्या पट्ट्यालाही ती झाकता येत नसत. कुनिए पहाटे त्यांच्या मागच्या दाराशी पेटी ठेवून यायची, रिकामी पेटी उचलून आणायची. बोलणं असं वर्षानुवर्षं झालेलं नव्हतं.

कागद घरघरत बाहेर आला. कडेला बारीक अक्षरात उशिजिमासानचा नंबर होता. मधोमध काळा पट्टा होता. बाकी काहीच नव्हतं.

"कोरा आहे," चिनामी म्हणाली.

"पट्ट्याखाली असेल."

"त्यांचं अक्षर पट्ट्याखाली मावतं का?"

तेवढ्यात मशीन पुन्हा खोकलं आणि दुसरा कागद आला. तोही कोरा.

कुनिए खुर्चीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "चिठ्ठीचं उत्तर आहे हे."

"काय उत्तर? यात काही नाहीच आहे!"

"तेच तर. तुमच्याशी बोलण्यासारखं आता काही उरलं नाही, असं म्हणतायत. एकदा कळलं नाही तर म्हणून दोनदा."

"आई, त्यांच्या पेनातली शाई संपली असेल."

"संपली असती तर त्यांनाच कळलं नसतं का? लिहिताना?"

आता चिनामीही गोंधळली. मोठा प्रश्न होता तो सोयाबीनचा. उशिजिमासानची ऑर्डर धरून भिजत घालायचं की सोडून? ऑर्डर असली आणि टोफू नसला तर कोळी उपाशी, नसली आणि केला तर टोफू वाया.

"मी फोन करते," चिनामी म्हणाली, आणि आईनं "नको, त्यांना—" म्हणेपर्यंत तिनं लावलाही. पलीकडून कुणी बोललं नाही. नुसती लांब शिट्टी वाजली, मग करकर, मग पुन्हा शिट्टी. तिनं पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी.

"शिट्टी वाजवतायत," ती चक्रावून म्हणाली.

"बघ!" कुनिए म्हणाली. "इतके रागावलेत."

शेवटी दोघी छोट्या गाडीत बसल्या. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून कुनिएनं तळलेल्या टोफूचे गरम पापुद्रे कागदात बांधून घेतले. माफी मागायची होती. कशाची, ते नीट ठरलेलं नव्हतं. पण माफीला पापुद्रे चालतात.

खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. भाजलेल्या मॅकरेलचा वास अजून होता. उशिजिमासान, अंगानं थोराड, डोक्याला पंचा बांधलेला, गल्ल्याशी उभे होते. दोघींना बघताच ते पंचा सोडून कमरेत वाकले.

"फार त्रास दिला मी तुम्हाला," ते म्हणाले.

कुनिएनं त्यांच्यापेक्षा खाली वाकून म्हटलं, "छे, छे, त्रास तर आम्हीच दिला."

"नाही हो टोफूवाल्या बाई, चूक माझीच."

"असं कसं, आमचीच."

पापुद्र्यांचा पुडा या हातातून त्या हातात गेला. पुन्हा दोघं वाकले. चिनामी मध्ये उभी राहून कधी उशिजिमासानच्या टकलाकडे, कधी आईच्या अंबाड्याकडे बघत होती. हे दोघं कशाची माफी मागतायत, ते दोघांपैकी एकालाही ठाऊक असेल असं तिला वाटेना.

"तुमची चिठ्ठी वाचली आणि शरमेनं मेल्यासारखं झालं," उशिजिमासान सांगायला लागले. न बोलणारा हा माणूस बोलायला लागला तो थांबेचना. "माझ्या हातांना सदानकदा तेल. म्हटलं, माझ्या कागदांमुळेच यांचं मशीन बिघडलं. तेल जाऊन बसलं असणार आत."

"तेल फॅक्समधून येत नाही, उशिजिमासान," चिनामी म्हणाली. "कागद तर इथेच राहतो."

"कागद इथेच राहतो, हे मलाही दिसतं ना चिनामीचान. पण तेल जातंय की काय, हे कोण सांगणार? आईनं किती सांभाळून लिहिलं होतं, 'आपणही विचार करावा'. म्हणजे 'तुमच्यामुळे होतंय' असंच ना ते? मी विचार केला. आणि हे बघा!"

त्यांनी गल्ल्यामागचा एक स्वच्छ रुमाल उचलला. खाली नवंकोरं फॅक्स मशीन होतं. काचेवरचं पातळ प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

कुनिए मशीनकडे वाकून बघायला लागली.

"आजच बसवलं," ते म्हणाले. "दोनदा पाठवला. किती स्वच्छ आला असेल, नाही?"

"खूपच स्वच्छ," चिनामी म्हणाली.

तिनं बाजूला पडलेला ऑर्डरचा कागद उचलला. ठळक ब्रशची अक्षरं, कोपऱ्यात तेलाचा डाग. "हा कसा घातलात आत?"

"नेहमीसारखा. तोंड खाली करून."

"यात तोंड वर करून घालायचा." तिनं झाकणावरचं छोटं चित्र दाखवलं. "आणि फोनही हे मशीनच उचलतंय. म्हणून शिट्टी वाजते."

"तरीच!" उशिजिमासान खुर्चीत बसले. "सकाळपासून एकाचा फोन नाही. म्हटलं, गावातली माणसं गेली कुठे?"

कुनिएला आता काय करावं सुचेना. माणसानं तिच्या शब्दाखातर नवं मशीन आणलं होतं, आणि ती फॅक्स बंद करायला निघालेली. ती म्हणाली, "छान आहे हो मशीन. फारच छान. रंग किती शांत आहे." आणि चिनामीला कोपरानं हळूच ढोसलं, की आता नाही, काही बोलू नकोस.

चिनामी बोलली. "उशिजिमासान, त्या चिठ्ठीत आई वेगळंच सांगत होती. आमचं मशीन मोडलंय. आम्ही फॅक्स बंद करणार आहोत."

झालं. कुनिएला वाटलं, पायाखालची फरशी उघडेल तर बरं. ती भिंतीवरच्या जेवणाच्या पाट्या वाचायला लागली. तळलेला टोफू आल्याचा कीस घालून. थंड टोफू. गरम टोफू.

उशिजिमासाननी हातातल्या रुमालाची नीट घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी फोन केला तर चालेल?"

"चालेल? का नाही चालणार?"

"ताकेयोशीसाननी मनाई केली होती," ते म्हणाले. ताकेयोशी म्हणजे कुनिएचा गेलेला नवरा. "आमच्या हातात तेव्हा पाणी असतं, फोन नको, फॅक्स करा, असं एकदा म्हणाले होते. तेव्हा ते जुनं मशीन घेतलं मी. मला तर हे लिहिणं-बिहिणं कधी आवडलंच नाही. मला बोलायला आवडतं!"

"पण ते तर म्हणायचे," कुनिए अडखळत म्हणाली, "की तुम्हाला बोलायला आवडत नाही. म्हणून फोन करत नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ज्याला विचारायचं तो माणूस आता देव्हाऱ्यातल्या फोटोत होता, आणि फोटोत तो नुसता हसत होता.

"मग हे मशीन मी कुणासाठी आणलं?" उशिजिमासान हळूच म्हणाले.

"आमच्यासाठी," चिनामी म्हणाली.

"मग तुम्हीच घेऊन जा." त्यांनी लगेच तार उपटली, जणू ते दिवसभर कुणी न्यायला येईल म्हणून वाट बघत होते. कुनिए नको नको म्हणाली, ते घ्या घ्या म्हणाले, असं रिवाजानुसार पुरेसं झाल्यावर मशीन खोक्यात गेलं. उद्याची ऑर्डर त्यांनी तोंडी सांगितली, सोबत बंदरावरच्या तीन भांडणांची हकिकतही.

गाडीत मागे ओल्या पेट्या होत्या, म्हणून खोकं चिनामीच्या मांडीवर आलं. खोक्याच्या वर तिची फक्त हनुवटी दिसत होती.

"आई, आपण फॅक्स बंद करायला गेलो होतो ना?"

"हो. म्हणजे... बहुतेक."

"मग हे माझ्या मांडीवर काय आहे?"

कापणी झालेल्या भातशेतांमधून रस्ता जात होता. थोड्या वेळानं कुनिए म्हणाली, "बसवायचं का मग ते? की नाही?"

"बसवावं लागेल. सरायवाल्या हो म्हणाल्या की नाही, ते अजून आपल्याला कळलेलं नाही. बालवाडीचंही नाही. जोवर ते कळत नाही तोवर त्यांचे फॅक्स येतच राहणार."

"आणि कळणार कधी?"

"तू सरळ विचारशील तेव्हा."

कुनिएच्या तोंडात शब्द गोळा होत होते आणि परत जात होते. शेवटी ती म्हणाली, "ओसाकातही आता गारवा पडला असेल."

"आई."

"काय?"

"हे तू आत्ता मला काय विचारलंस?"

"काही नाही. गारव्याचं बोलले."

चिनामीनं खोक्यावर हनुवटी टेकवली. "वसंतात मी आले ना, त्या पहिल्याच दिवशी तू मला म्हणालीस, ओसाकातली खोली सोडायची घाई करू नकोस. मी तेव्हाच समजले की तुला मी इथे फार दिवस नकोय. अजून भाडं भरतेय मी त्या खोलीचं."

कुनिएनं गाडी बांधाच्या कडेला घेतली. घेतली म्हणजे अर्धीच घेतली, अर्धी रस्त्यावर राहिली. ते वाक्य तिनं किती विचार करून म्हटलं होतं! पोरीला बांधून घातल्यासारखं वाटू नये, एवढंच होतं त्यात. आता हे समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा गारव्यापासून सुरुवात.

तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर बघतच, मोठ्यानं, भांडल्यासारखं म्हणाली, "राहशील का तू? दुकानात. माझ्याबरोबर. मला तू हवी आहेस."

म्हटलं आणि तिचे कान तापले. असं बोलणं तिच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. कुनिएला वाटलं, चुकलंच. फारच उघडं पडलं. फॅक्सवर लिहिलं असतं तर निदान तोंड तरी लपवता आलं असतं.

"वर्षभर राहते," चिनामी म्हणाली. "पुढच्या वर्षी परत विचार. असंच."

वर्षभर म्हणजे हो की नाही, हे कुनिएला कळेना. थोडं की खूप? तिला रडू येत होतं, पण नेमकं कशाचं, ते ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे हो ना?" तिनं विचारलं.

"म्हणजे हो. वर्षभर."

"असं होय," कुनिए म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.

आरशात तिला मागे एक ट्रॅक्टर दिसला. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. म्हातारा शेतकरी हॉर्न न वाजवता, हात मांडीवर ठेवून, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होता. कुनिएनं घाईनं काच खाली करून वाकून माफी मागितली. त्यानंही वाकून माफी मागितली. मग ती पुढे निघाली. सोयाबीन अजून भिजत घालायचं होतं.